कोऱ्या भिंतीचे लेखाशीर्ष

सार्वजनिक भिंत महाराष्ट्रात कोरी राहण्यासाठी बांधली जात नाही, ही गोष्ट मान्य केल्यावाचून भिंती स्वच्छ ठेवण्यासाठी मिळणाऱ्या, किंवा अधिक नेमके सांगायचे तर न मिळणाऱ्या, शासकीय अनुदानाचा शास्त्रशुद्ध विचार सुरूच होऊ शकत नाही. भिंत उभी राहते, तिला गिलावा होतो, रंगाचा हात फिरतो आणि तो वाळायच्या आत तिच्यावर 'येथे जाहिरात लावू नये' ही पहिली जाहिरात लागते. त्या सूचनेला उत्तर म्हणून शिकवणी वर्गाचा फोन नंबर येतो, त्याला खेटून मूळव्याध-भगंदरावरचा बिनऑपरेशनचा खात्रीशीर इलाज येतो, त्या दोघांना निम्मे झाकून बोअरवेलवाला येतो, खालच्या कोपऱ्यात बदामातून बाण आरपार गेलेली दोन आद्याक्षरे उमटतात, आणि जमिनीपासून दोन-अडीच फुटांचा पट्टा पान-तंबाखूच्या पिचकाऱ्यांसाठी राखीव राहतो, ज्याच्या बंदोबस्तासाठी पुढे सर्वधर्मीय देवादिकांच्या फरशा ओळीने बसवल्या जातात. सार्वजनिक जागेवर, कोणालाही न विचारता केलेल्या या लिखाणाला आणि चित्रकलेला शहरी बोलण्यात ग्राफिटी म्हणतात, तर कायदा तिला मालमत्तेचे विद्रूपण म्हणतो. ज्याची भिंत असते तो काय म्हणतो ते येथे छापण्यासारखे नसते.

भिंतीवर लिहिणाऱ्यांचे ढोबळमानाने चार वर्ग पडतात. पहिला वर्ग हौशी लेखकांचा असून तो स्वतःचे नाव, गावाचे नाव आणि प्रिय व्यक्तीचे नाव यांपलीकडे सहसा जात नाही. दुसरा व्यावसायिकांचा, जो अक्षर बरे काढतो. तिसरा राजकीय, जो आधी भिंत 'बुक' करून ठेवतो, म्हणजे तिच्यावर पक्षाचे नाव आणि बाण काढून ती निवडणुकीपर्यंत अडवून ठेवतो. आणि चौथा वर्ग खुद्द शासनाचा आहे. कुटुंब लहान ठेवण्यापासून शौचालय बांधण्यापर्यंत, मुलगी शिकवण्यापासून पाणी जिरवण्यापर्यंत, शासनाला नागरिकांना जे जे म्हणून सांगायचे होते ते त्याने प्रथम भिंतीवर सांगितले. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झाले तेव्हा गावोगावच्या भिंती घोषवाक्यांनी भरल्या, आणि २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षणाची शर्यत लागल्यावर शहरांतील पुलांच्या खांबांवरही हसऱ्या झाडूंची आणि चष्म्यांची चित्रे आली. भिंती घाण करू नयेत हे सांगण्याची शासनाची आवडती जागा भिंत हीच आहे, ही विसंगती अर्जदार संस्थेने ध्यानात ठेवावी, पण अर्जात लिहू नये.

या चारही वर्गांचे सहजीवन पाहायचे असल्यास रस्त्याकडेला असलेली एखाद्या सरकारी शाळेची कुंपणभिंत जवळून पाहावी. वरचा पोपडा नखाने उचलला की शिकवणी वर्गाचा निळा रंग निघतो, त्याच्याखाली मागच्या निवडणुकीतील चिन्हाची कडा दिसते, चिन्हाखाली साक्षरतेची घोषणा निम्मी शिल्लक असते, तिच्याखाली गेरूने काढलेला नऊचा पाढा असतो आणि सर्वांत तळाशी, पहिल्या चुन्यावर, खिळ्याने कोरलेले एका विद्यार्थ्याचे नाव व त्याच्यापुढे 'गाढव' असे दुसऱ्या हाताने जोडलेले विशेषण असते. वरचे चारही थर रीतसर खर्ची पडलेल्या पैशातून आलेले असतात. फुकट आणि टिकाऊ असे काम त्यांपैकी फक्त खिळेवाल्याचे असते.

कायद्याची बाजू पाहता राज्यात उणीव कसलीच नाही. मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा राज्याचा अधिनियम १९९५ सालचा असून त्यानुसार सार्वजनिक दृष्टीस पडणारी जागा विद्रूप करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्राचे संरक्षण असलेले स्मारक असेल तर १९५८ चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा लागू होतो आणि त्यातील २०१० च्या दुरुस्तीनंतर शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी झालेली आहे. अपराध्याचा पत्ता लागणे ही गोष्ट तर इतर गुन्ह्यांच्या तुलनेत सोपी असावी, कारण भिंतलेखन हा असा एकमेव गुन्हा आहे ज्यात गुन्हेगार घटनास्थळी आपले नाव, मित्राचे नाव, गाव, तालुका आणि पुष्कळदा मोबाइल क्रमांकही स्वहस्ते लिहून जातो. तरीही तो सापडत नाही, आणि म्हणून प्रतिबंधाची जबाबदारी समाजावर, म्हणजे व्यवहारात गल्लीतील एखाद्या मंडळावर, येऊन पडते.

कायद्यातील एक बारकावा मात्र अर्जदाराने आधीच समजून घेणे हिताचे असते. १९५८ च्या कायद्यात प्राचीन स्मारकाची जी व्याख्या आहे तिच्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या, शंभर वर्षांहून जुन्या वास्तूंबरोबर शिलालेखांचाही समावेश होतो, त्यामुळे भिंतीवरील नाव ताजे असेल तर ते पुसणे हे समाजकार्य ठरते आणि पुरेसे जुने व पुरेसे महत्त्वाचे ठरले तर पुसणाराच गुन्हेगार होऊ शकतो. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील एका खांबावर, चित्रित बोधिसत्त्वाच्या अंगावर, जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने एप्रिल १८१९ मध्ये आपले नाव व तारीख कोरून ठेवली. शिकारीच्या निमित्ताने लेण्यांपर्यंत पोहोचलेल्या या गृहस्थाच्या पायाखाली त्या वेळी शतकांचा गाळ साचलेला होता, त्यामुळे गाळ काढल्यानंतर त्याची सही उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर राहिली आहे. आज मार्गदर्शक ती सही पर्यटकांना मुद्दाम दाखवतात, पर्यटक हळहळतात, आणि त्यांतील काही जण परतीच्या वाटेवर एखादा मोकळा दगड शोधतात, कारण दोनशे वर्षांनी आपलेही नाव कोणीतरी बोट करून दाखवील ही आशा मनुष्यमात्रात समान आहे.

अनुदान म्हणजे परत न करण्याच्या बोलीवर परंतु हिशेब देण्याच्या अटीवर शासनाने दिलेली रक्कम. आणि ती रक्कम अर्थसंकल्पात ज्या नावाखाली ठेवलेली असते, व ज्या नावाखेरीज अन्य मार्गाने बाहेर काढता येत नाही, ते नाव म्हणजे लेखाशीर्ष. प्रस्तुत विषयाची खरी अडचण येथून सुरू होते, कारण 'भिंत कोरी ठेवणे' या नावाचे लेखाशीर्ष कोठे आढळत नाही. भिंत बांधण्याला शीर्ष आहे, रंगवण्याला आहे, तिच्यावर घोषणा लिहून जनजागृती करण्याला तर अनेक आहेत. परंतु तिच्यावर काहीही न घडू देण्याला नाही. परिणामी मंडळाचा प्रस्ताव एका टेबलावर स्वच्छतेचा विषय मानला जातो व दुसऱ्याकडे पाठवला जातो, दुसऱ्या टेबलावर तो कायदा-सुव्यवस्थेचा ठरतो, तिसऱ्यावर संस्कृतीचा, चौथ्यावर युवक कल्याणाचा, आणि प्रत्येक टेबलावरचे सद्गृहस्थ अत्यंत सौजन्याने एकच वाक्य उच्चारतात, 'विषय चांगला आहे हो, पण आमच्याकडे येत नाही.' हे वाक्य खरे असते, आणि सर्वत्र खरे असते, हीच त्यातील मेख होय. पाचव्या टेबलावर प्रस्ताव पोहोचतो तेव्हा त्याच्यावर चार विभागांचे शिक्के जमलेले असतात, म्हणजे कागदापुरते का होईना, विद्रूपण सुरू झालेले असते.

विषय अखेर कोणत्या तरी शीर्षाखाली बसवला गेला की संस्थेची पात्रता तपासली जाते. अनुदान मागणारी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असावी, तिचे गेल्या काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब असावेत, केंद्राच्या योजनांसाठी नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवर तिची नोंद असावी, आणि तिच्या कार्यकारिणीत झालेला प्रत्येक बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास कळवलेला असावा. शेवटच्या अटीला फेरफार अर्ज, किंवा बोलीभाषेत 'चेंज रिपोर्ट', म्हणतात, आणि महाराष्ट्रातील असंख्य मंडळांची प्रगती याच ठिकाणी थबकलेली असते, कारण चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत कागदोपत्री अध्यक्ष जुनेच राहतात, जुने अध्यक्ष मधल्या काळात दुसऱ्या मंडळात गेलेले असतात, आणि सहीसाठी त्यांच्या घरी गेलेल्या खजिनदाराला चहा मिळतो, सही मिळत नाही. याखेरीज केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार अर्जदाराने असेही प्रमाणित करायचे असते की याच कामासाठी त्याने अन्य कोणत्याही खात्याकडून अनुदान घेतलेले वा मागितलेले नाही. नियम रास्त आहे, एकाच भिंतीचे दोनदा पैसे कोणी घेऊ नयेत. परंतु चार खात्यांनी जिला एकामागून एक पुढच्याकडे पाठवले त्या संस्थेला असे प्रमाणपत्र लिहिताना शब्द बरेच तोलावे लागतात.

त्यानंतर प्रकल्प अहवालातील 'प्रकल्पाची गरज' या सदराचा क्रम लागतो. भिंत घाण आहे एवढे कारण येथे पुरेसे धरले जात नाही. गरज सिद्ध करण्यासाठी संशोधनाचा आधार द्यावा लागतो, आणि सुदैवाने तो उपलब्ध आहे. जेम्स विल्सन व जॉर्ज केलिंग या अमेरिकन अभ्यासकांनी मार्च १९८२ मध्ये 'अटलांटिक' मासिकात असे प्रतिपादन केले की इमारतीची एक फुटकी खिडकी तशीच राहू दिली तर बाकीच्याही फुटतात, कारण येथे कोणाचे लक्ष नाही असा निरोप ती खिडकी येणाऱ्या-जाणाऱ्याला देत असते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन शहरात काही संशोधकांनी ही कल्पना प्रत्यक्ष प्रयोगाने तपासली व निष्कर्ष २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पाच युरोची नोट बाहेरून दिसेल असे एक पाकीट टपालपेटीच्या तोंडाशी अर्धवट खोचून ठेवले, तेव्हा पेटी स्वच्छ असताना जवळून जाणाऱ्यांपैकी १३ टक्के लोकांनी ते लांबवले आणि पेटीवर रेघोट्या मारलेल्या असताना २७ टक्के लोकांनी. भिंतीवरचे गिरगटणे पाहणाऱ्याच्या सचोटीवरही परिणाम करते, हे इतक्या थोड्या खर्चात क्वचितच सिद्ध झाले असेल.

हा पुरावा अर्जात जरूर द्यावा, परंतु त्यावर निवड समितीत उपस्थित होणाऱ्या दोन प्रश्नांची तयारीही ठेवावी. पहिला प्रश्न, सदर ग्रोनिंगेन हे गाव संस्थेच्या कार्यक्षेत्रात येते काय. आणि दुसरा, आपल्याकडे तसे पाकीट ठेवले तर भिंत कशीही असली तरी ते संध्याकाळपर्यंत राहील काय. दुसऱ्या प्रश्नास शास्त्रीय उत्तर नाही.

गरज सिद्ध झाली की लाभार्थ्यांचा तक्ता भरावा लागतो. लाभार्थी म्हणजे योजनेचा फायदा ज्याच्यापर्यंत पोहोचतो तो मनुष्य, आणि शासनाला तो मोजलेला, वर्गवारी केलेला व शक्य तर आधार क्रमांकासह लागतो. शिलाई यंत्राचा लाभार्थी सांगता येतो, शेळीगटाचा सांगता येतो. परंतु कोऱ्या भिंतीचा लाभार्थी कोण, या प्रश्नावर भलभले सचिव पेन चावत बसलेले आढळतात. भिंतीसमोरून जाणारा प्रत्येक जण धरला तर आकडा गावाच्या लोकसंख्येपलीकडे जातो, कारण एस.टी.तून जाणारेही भिंत पाहतात. भिंतीच्या मालकालाच धरले तर मालक स्वतः शासन निघते. आणि ज्याला लिहिण्यापासून परावृत्त केले तो तरुण धरावा, तर त्याने लिहिलेलेच नसल्यामुळे त्याचे नाव कोठेही उपलब्ध नसते. 'अपेक्षित फलनिष्पत्ती' या रकान्यात हीच पंचाईत अधिक गडद होते, कारण प्रतिबंधक कार्याचे यश हे काही न घडण्यात असते, आणि काही न घडल्याचे छायाचित्र, दिनांक व अक्षांश-रेखांशासह, जोडायचे असते. व्यवहारात एका रिकाम्या भिंतीसमोर सात कार्यकर्ते नमस्काराच्या मुद्रेत उभे करून हा प्रश्न सोडवला जातो. मात्र त्या छायाचित्रात भिंत दिसत नाही.

स्थळपाहणी, म्हणजे मंजुरीपूर्वी संबंधित अधिकाऱ्याने प्रत्यक्ष जागेवर येऊन खातरजमा करणे, हा या प्रक्रियेतील सर्वांत नाट्यमय टप्पा असून त्याचा परिणाम मंडळाच्या तत्त्वज्ञानावर होतो. प्रस्तावासोबत 'कामापूर्वीची' छायाचित्रे जोडलेली असतात आणि पाहणीच्या दिवशी भिंत त्या छायाचित्रांबरहुकूम असणे आवश्यक असते. मध्यंतरी कोणी ती स्वच्छ केली तर कामच उरत नाही आणि प्रस्ताव निकाली निघतो. त्यामुळे ज्या मंडळाची स्थापनाच भिंतीवरचे लिखाण नष्ट करण्यासाठी झाली, ते मंडळ अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून त्या लिखाणाचे कडवे संरक्षक बनते. शेजारच्या सोसायटीतील एखादा उत्साही निवृत्त गृहस्थ बादली-ब्रश घेऊन आला तर त्याला हात जोडून परत पाठवले जाते. पावसाळा लांबला तर चिंता वाढते, कारण गेरूची अक्षरे फिकट होऊ लागतात. बोअरवेलवाल्याने आपला जुना क्रमांक खोडून नवा टाकला तर छायाचित्राशी तफावत येते, म्हणून सचिव त्या क्रमांकावर फोन करून त्याला 'पाहणी होईपर्यंत जुनाच राहू द्या' अशी गळ घालतात. पाहणीची तारीख दोनदा पुढे जाते, त्या काळात बदामातील दोन आद्याक्षरांपैकी एकाचे लग्न भलतीकडेच ठरते, संबंधित तरुण ते अक्षर खरवडायला येतो, आणि मंडळाचे कार्यकर्ते त्याला पकडून समजावतात की वैयक्तिक दुःख बाजूला ठेवून त्याने सामाजिक कार्याचा विचार करावा. प्रतिबंधाचे काम असे रक्षणाच्या मार्गाने जाते.

अंदाजपत्रकाचा भाग त्या मानाने कोरडा असला तरी त्यातून एक महत्त्वाचा सिद्धांत हाती लागतो. शासकीय कामाचे दर दरसूचीनुसार, म्हणजे प्रत्येक कामाचा अधिकृत भाव सांगणाऱ्या यादीनुसार, धरले जातात. यादीत जुना रंग खरवडणे आहे, प्रायमर आहे, डिस्टेंपरचे दोन हात आहेत, परंतु 'पुन्हा कोणी लिहिल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसणे' ही बाब नाही, आणि प्रतिबंधाचा सारा प्राण नेमका त्या बाबीत आहे. शासकीय निधीला एकदाच होणारे, दिसणारे व टिकणारे काम आवडते. डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झालेल्या आणि आज दर खासदारामागे वर्षाला पाच कोटी रुपयांची तरतूद असलेल्या खासदार निधीचा भरदेखील टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता निर्माण करण्यावर आहे. भिंत ही टिकाऊ मालमत्ता असते, तिचा स्वच्छपणा हा मात्र देखभालीचा, म्हणजे वारंवार होणाऱ्या व कोणाच्याही नावावर न लागणाऱ्या, खर्चाचा विषय ठरतो. अनुभवी अभियंते यावर असा सल्ला देतात की जुनी भिंत स्वच्छ ठेवण्यास पैसे मागू नयेत, तिच्यासमोर संरक्षक भिंत बांधण्यास मागावेत. ते लवकर मिळतात. सल्ला व्यवहार्य आहे, आणि लिहिण्यासाठी उपलब्ध असलेले क्षेत्रफळ त्याने दुप्पट होते.

दरपत्रके तीन लागतात. तिन्ही वेगवेगळ्या दुकानांची असावीत असा नियम आहे आणि ती तशी असतातही. फक्त तिघांचे हस्ताक्षर एक निघते व 'डिस्टेंपर' या शब्दातील चूक तिन्हींत सारखी असते. यापलीकडे या विषयावर विस्ताराची गरज नाही.

मंजुरी झाल्यावर निधी वितरित होतो आणि तो बहुधा मार्चच्या अखेरच्या आठवड्यात होतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने त्या आठवड्यात जिल्ह्यातील प्रत्येक योजनेला एकाच वेळी रंगारी हवा असतो. ज्या रंगाऱ्याने शिकवणी वर्गाची जाहिरात रंगवली होती तोच मग ती पुसण्यासाठी बोलावला जातो, आणि पुसताना वर्गाचा नंबर वहीत टिपून ठेवतो, कारण एप्रिलमध्ये त्याला तो पुन्हा लिहायचा असतो. त्याच्या दृष्टीने ही भिंत निरंतर रोजगार देणारी असून लाभार्थ्यांच्या तक्त्यात ज्याचे नाव निःशंकपणे लिहिता आले असते असा तो एकमेव मनुष्य आहे. ते तेथे नसते.

भिंत रंगवून झाली की पहिल्याच दिवशी तिच्यावर फलक लागतो. योजनेचे नाव, मंजूर रक्कम, वर्ष, लोकप्रतिनिधींचे नाव व कार्यान्वयन यंत्रणा ठळकपणे लिहिणे ही शासकीय निधीची सर्वसाधारण अट असते, आणि पारदर्शकतेच्या दृष्टीने ती योग्यच आहे. पण त्यामुळे स्वच्छ भिंतीवरील पहिले लिखाण अनुदानाचेच असते. उद्घाटनाचा फ्लेक्स त्याच्या शेजारी येतो, फ्लेक्सवर नाव राहून गेलेल्या कार्यकर्त्यांसाठी दुसरा फ्लेक्स येतो, आणि फ्लेक्स उतरल्यावर उरलेल्या खिळ्यांनी पुढच्या पिढीला कोरण्याचे साहित्य आयते मिळते.

या सगळ्याचा शेवट उपयोगिता प्रमाणपत्राने होतो. मिळालेली रक्कम ज्या कामासाठी मिळाली त्याच कामासाठी खर्च झाली, असे संस्थेने व लेखापालाने सहीनिशी सांगणे म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. केंद्रीय नियमांनुसार ते आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत सादर करायचे असते, आणि ते न दिल्यास पुढचा हप्ता थांबतो. या लेखनप्रकाराची परंपरा महाराष्ट्रात बरीच जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या खांबांवर कोणता खांब कोणी दिला याचे लेख कोरलेले आहेत, त्यांत धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे आहेत, आणि दर्शनी भागातील एका लेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले व ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, अशी नोंद आहे. काम पूर्ण झाले, कोणी केले आणि ते उत्कृष्ट झाले, ही तीनही विधाने एका ओळीत बसवणारा हा मजकूर कोणत्याही लेखापालाने डोळे मिटून मान्य करावा असा आहे. भिंतीवर नाव कोरणे तेव्हाही माणसाला आवडत होते; फरक इतकाच की भूतपालाने आधी लेणे पूर्ण केले आणि मग नाव कोरले, तर आजचा हौशी लेखक लेणे तयारच आहे असे समजून थेट नावापासून सुरुवात करतो.

विनोदाचा भाग सोडला तरी या साऱ्या पद्धतीतील खरा दोष वेळेचा आहे, पैशाचा नव्हे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे डबे एके काळी आतून-बाहेरून रंगवलेले असत. तेथील प्रशासनाने १९८४ पासून असा दंडक पाळला की एकदा स्वच्छ झालेल्या गाडीवर कोणी पुन्हा रंग मारला तर तो काढल्यावाचून ती गाडी रुळावर जाणार नाही. लिहिणाऱ्याला मोबदला मिळतो तो लोकांनी पाहण्याचा. कोणीच पाहिले नाही तर रात्रभर केलेली मेहनत वाया जाते, आणि वाया जाणारी मेहनत माणूस फार दिवस करत नाही. १२ मे १९८९ रोजी रंगवलेली शेवटची गाडी सेवेतून काढण्यात आली. तेथे खर्च प्रचंड झाला हे खरे, परंतु यशाचे मर्म खर्चात नव्हते, लिखाण आणि पुसणे यांमधील अंतर जवळजवळ शून्यावर आणण्यात होते. गल्लीतील भिंतीच्या बाबतीत हे अंतर प्रस्ताव, त्रुटीपूर्तता, पाहणी, मंजुरी व मार्च एंड मिळून सहज दोन आर्थिक वर्षांचे होते, आणि तेवढ्या काळात लिहिणारा बाप होतो व मुलाला अक्षरे शिकवू लागतो.

हेच अंतर महाराष्ट्रातही किती कमी होऊ शकते याचा पुरावा दूर शोधण्याची गरज नाही. निवडणुकीची घोषणा होऊन आचारसंहिता लागली की निवडणूक आयोगाच्या आदेशानुसार सरकारी इमारतींवरील राजकीय लिखाण व फलक २४ तासांत, बसस्थानके-पूल-खांब यांसारख्या सार्वजनिक जागांवरील ४८ तासांत आणि खासगी मालमत्तेवरील अनधिकृत मजकूर ७२ तासांत हटवावा लागतो. त्या तीन दिवसांत लेखाशीर्ष कोणी विचारत नाही, लाभार्थी कोणी मोजत नाही, आणि विषय आपल्याकडे येत नाही असे कोणतेही टेबल म्हणत नाही. नगरपालिकेचे कर्मचारी चुन्याची बादली घेऊन निघतात व पालकमंत्र्यांच्या नावाचा कोनशिलाफलकसुद्धा कागद चिकटवून झाकतात. यंत्रणा तीच, भिंती त्याच आणि चुनाही तोच असतो. नवी असते ती फक्त मुदत, आणि मुदत चुकली तर कोणाला जाब विचारला जाईल याची स्पष्टता.

यावरून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. भिंती कोऱ्या ठेवण्यासाठी शासनाला अनुदान द्यायचेच असेल तर ते रंगकामाच्या मोठ्या एकरकमी प्रकल्पाला देऊ नये. प्रभागातील शाळेला, सोसायट्यांच्या संघाला किंवा गडसंवर्धन करणाऱ्या गटाला वर्षभराच्या देखभालीसाठी छोटी रक्कम द्यावी आणि अट एकच घालावी, की नवे लिखाण दिसल्यापासून एका दिवसात ते गेले पाहिजे. गडकोट व लेण्यांसारख्या संरक्षित वास्तूंवर मात्र कोणीही स्वतःच्या उत्साहाने ब्रश चालवू नये, तेथे पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांना कळवावे, कारण चुकीच्या रसायनाने पुसलेले नाव जाते आणि त्याच्याबरोबर दगडही जातो. बाकीच्या भिंतींसाठी वाचकांनी अर्ज जरूर करावा, तीन प्रतींत करावा, पोच घ्यावी व आवक क्रमांक जपून ठेवावा. आणि घरी परतताना जिन्याच्या भिंतीच्या रंगाचा एक लहान डबा विकत घ्यावा. अर्जाला लागेल तो वेळ लागो, पण आज रात्री लिहिलेले नाव उद्या सकाळी पुसायला कोणाच्याही प्रशासकीय मान्यतेची गरज लागत नाही.